पावतीविना शिफारस

बदली होऊन परप्रांती आलेल्या मराठी अधिकाऱ्याचे पहिले चार प्रश्न ठरलेले असतात. क्वार्टर कधी मिळेल, मुलांना कोणत्या शाळेत घालावे, डाळ-तांदूळ बरा कोठे मिळतो, आणि गावात महाराष्ट्र मंडळ आहे की नाही. चौथ्याचे उत्तर होकारार्थी आले की महिन्याभराच्या आत तो मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमाला जातो, बटाटेवड्याची बशी हाती घेऊन चार अनोळखी माणसांशी ओळख करून घेतो आणि पाचवा प्रश्न विचारतो : "काय हो, हल्ली पाहण्यासारखे, ऐकण्यासारखे काय आहे आपल्याकडे?" या प्रश्नाला आपण सारे जे उत्तर देतो, त्या उत्तराविरुद्ध माझी तक्रार आहे. 'आपण' हा शब्द मी जाणून वापरीत आहे. तक्रारीतून मी स्वतःला वगळलेले नाही, हे पुढे दिसेलच.

उत्तर साधारणतः असे असते. मुलांना 'श्यामची आई' दाखवा. प्रभातचे चित्रपट मिळाले तर सोडू नका, तसे आता होणे नाही. गीतरामायण तर घरात हवेच. नाट्यसंगीत ऐकावे ते जुन्यांचे. आणि नवे? नव्याबद्दल विचारले की आवाज किंचित उतरतो. नवे मराठी चित्रपटही आता फार पुढे गेले आहेत म्हणे. परदेशांत बक्षिसे मिळतात. आपण कोणते पाहिलेत? 'पाहायचे आहेत.' मोबाईलवर कोणीतरी धाडलेली यादी मात्र तत्काळ पुढे धाडली जाते : पाहावेत असे पंचवीस चित्रपट, ऐकावीत अशी पन्नास गीते, चुकवू नयेत असे दहा पॉडकास्ट. धाडणाऱ्याने त्यांतले किती पाहिले, किती ऐकले, हे विचारणे शिष्टाचाराला सोडून समजले जाते.

मी एकतीस वर्षे लेखापरीक्षणाच्या खात्यात काढली. ते खाते माणसाला दुसरे काही शिकवो वा न शिकवो, एक गोष्ट नक्की शिकविते : पावती दाखवा. खर्च झाला म्हणता, तर व्हाउचर कोठे आहे? भिंत बांधली म्हणता, तर मोजमाप पुस्तकातली नोंद कोठे आहे? हाताखालच्या लिपिकाने टिपणीत 'असे ऐकिवात आहे' म्हणून लिहिले, तर ती टिपणी आपण शेरा मारून परत पाठवितो. तेच आपण, संध्याकाळी कचेरीतून बाहेर पडलो की, दुसऱ्याच्या घरात आणि मनात काय जावे हे सांगण्याच्या नाजूक व्यवहारात पावतीवाचून शिफारशी करीत सुटतो.

आता माझा स्वतःचा गुन्हा सांगतो.

२०१७ च्या गणेशोत्सवापूर्वीची गोष्ट. पूर्वेकडील एका मोठ्या शहरात मी त्या वेळी होतो आणि तेथल्या मंडळाच्या कार्यकारिणीवरही होतो. उत्सवातली एक संध्याकाळ चित्रपटासाठी राखलेली असे. नुकताच रुजू झालेला एक तरुण अभियंता बैठकीला आला होता. त्याने नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चे नाव सुचविले. चित्रपट २०१३ चा; म्हणजे तेव्हा तो काही अगदी नवा राहिला नव्हता. एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, "फँड्री म्हणजे काय?" तो म्हणाला, "डुक्कर." "अगबाई! गणपतीत डुक्कर?" असे त्या म्हणाल्या आणि सारी बैठक हसली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी घसा खाकरून म्हणालो, "चित्रपट उत्तम आहे, यात शंका नाही. परंतु प्रसंग पाहिला पाहिजे. घरची मंडळी असतात, लहान मुले असतात." झाले. अनुभवी अधिकाऱ्याच्या तोंडचे ते वाक्य. त्यावर पुढे चर्चा झाली नाही. एक जुना विनोदी चित्रपट ठरला आणि तो तरुण पुढल्या बैठकीला आला नाही.

मी तो चित्रपट पाहिलेला नव्हता! 'उत्तम आहे' हेही ऐकीव, आणि 'घरच्या मंडळींना योग्य नाही' हेही ऐकीव. एका वाक्यात दोन खोट्या पावत्या, आणि खाली एका लेखापरीक्षकाची सही.

मौज अशी, की त्याच उत्सवात मंडळातल्या चिमुकल्यांनी 'सैराट'मधल्या एका गाण्यावर नाच केला. 'सैराट' २०१६ चा, त्याच दिग्दर्शकाचा. आया मागे उभ्या राहून हातवारे दाखवीत होत्या, आजोबा टाळ्या पिटीत होते. त्या चित्रपटाचा शेवट कोणाला ठाऊक नव्हता असे नव्हे. रक्ताने माखलेल्या पावलांनी घराबाहेर पडणारे ते मूल, आणि तो सारा आवाज काढून घेतलेला पडदा, हे एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. पण गाणे तेवढे आपले आणि शेवट तेवढा त्यांचा, अशी वाटणी आम्ही कोणी न सांगताच करून टाकली होती. 'सैराट'चा उत्तरार्ध तर परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाने डोळ्यांत तेल घालून पाहावा असा आहे. आर्ची आणि परश्या जीव मुठीत घेऊन हैदराबादला येतात. भाषा येत नाही, राहायला जागा नाही, ओळखीचे कोणी नाही. त्यांच्या या 'बदली'ला ना प्रवासभत्ता, ना रुजू होण्याची मुदत. कोणते महाराष्ट्र मंडळ त्यांच्या उपयोगी पडले असते? आपल्या सभासदत्वाच्या अर्जावर दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात.

पुढे दीडएक वर्षाने माझ्या मुलीचा दूरध्वनी आला. ती दुसऱ्या शहरात शिकत होती. वसतिगृहात मैत्रिणींबरोबर तिने 'फँड्री' पाहिला होता. त्या मैत्रिणींत मराठी एकही नव्हती. "बाबा, तुम्ही पाहिलाय?" मी म्हणालो, "चांगला आहे म्हणतात." "म्हणतात?" एवढेच ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, रागाने नव्हे, सहज बोलल्यासारखे : "मला वाटायचं, मराठी म्हणजे तुमच्या मंडळात असतं तेवढंच."

दौऱ्यावरच्या एका विश्रामगृहात त्याच आठवड्यात मी तो चित्रपट पाहिला. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एकच प्रसंग सांगतो. जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. गावात मोकाट फिरणारी डुकरे पकडण्याचे काम त्याच्या घरावर येते, आणि शाळेच्या अगदी जवळ, वर्गातल्या सोबत्यांच्या देखत, ते सारे कुटुंब डुकरामागे धावत असते. डुक्कर आता हाती लागणार इतक्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. आणि बाप, आई, बहिणी, जब्या, सारे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर निघून जाते. इतकी वर्षे प्रत्येक २६ जानेवारीला मी कचेरीच्या प्रांगणात तसाच ताठ उभा राहत आलो. उभे राहण्याला काही किंमत मोजावी लागू शकते, हे मला त्या रात्री प्रथम कळले. अखेरीस जब्या जो दगड भिरकावतो तो सरळ पाहणाऱ्याच्या दिशेने येतो. तो मला लागला.

हा झाला माझा कबुलीजबाब. आता त्या उत्तराचा समाचार घेतो.

जुन्याची शिफारस करणाऱ्यांशी माझे भांडण जुन्याबद्दल मुळीच नाही. माझा आक्षेप असा, की ते जुनेदेखील पाहत नाहीत. 'संत तुकाराम' हा दामले आणि फत्तेलाल यांचा १९३६ चा चित्रपट आपण भाविक आणि निर्धोक म्हणून सुचवितो. एकदा पुन्हा पाहा. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा जितके शांत, तितकीच गौरी यांची जिजाई पेटलेली आहे. पोर आजारी पडते तेव्हा ती वहाण हाती घेऊन विठोबाच्या देवळात शिरते! संसार उपाशी ठेवणाऱ्या भक्तीला बायकोने विचारलेला जाब त्या चित्रपटात इतका खणखणीत आहे, की नुसत्या भाविकाला तो सोसू नये. त्यातले एक गीत तर कित्येक लोक तुकोबांचा अभंग म्हणून भजनात म्हणत आले आहेत. ते लिहिले शांताराम आठवले यांनी, चित्रपटासाठी. ऐकीव भक्तीचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

'कुंकू' घ्या. १९३७ चा, शांतारामबापूंचा; नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून केलेला. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलेली नीरा त्या म्हाताऱ्याला नवरा मानावयाचे साफ नाकारते, आणि त्याच्याच घरात राहून नाकारते. शांता आपटे यांचा तो ताठ मानेचा अभिनय आजही पाहणाऱ्याला अस्वस्थ करतो. त्या काळी एखाद्या मंडळाच्या बैठकीत 'घरची मंडळी असतात, लहान मुले असतात' असे म्हणणारा माझ्यासारखा कोणी असता, तर 'कुंकू' तेथेच निकालात निघाला असता. आज तो आपल्याला सोज्वळ वाटतो, कारण जरठ-कुमारी विवाहाचे भांडण आपल्यापुरते मिटले आहे. 'फँड्री'तले भांडण मिटलेले नाही, म्हणून तो उत्सवाला चालत नाही. जुने ते सोने म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपल्या मनात असते ते इतकेच, की जुने आता चावत नाही.

गीतरामायणाचीही कथा अशीच सांगता येईल. १९५५ च्या १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून त्याचे पहिले गीत प्रसारित झाले. त्यानंतर वर्षाहून अधिक काळ दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते झाली. शब्द गदिमांचे, स्वर बाबूजींचे, हे सर्वांना पाठ आहे. मूळ योजना मात्र केंद्रावरच्या एका अधिकाऱ्याची, सीताकांत लाड यांची, हे आपण अधिकारी असूनही आपल्या ध्यानात नसते. मला कौतुक वाटते ते त्या वेळच्या श्रोत्यांचे. पुढच्या आठवड्यात काय येणार हे त्यांना ठाऊक नव्हते. कोणी शिफारस केलेली नव्हती, कोणी 'अजरामर' म्हटलेले नव्हते. ते ताजे, अनोळखी, त्या आठवड्यात जन्मलेले गीत ऐकत होते. आपण गीतरामायण ऐकतो खरे, पण त्या श्रोत्यांसारखे काहीच ऐकत नाही.

दुसरा दोष अभिमानाचा. तो अधिक घातक आहे, कारण तो चांगल्या कपड्यांत येतो. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ला २०१४ साली व्हेनिसला पारितोषिके मिळाली, पुढे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले, २०१५ साली ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणून तो गेला. ही बिरुदावली मंडळातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, धडाधड सांगेल. 'आपला' चित्रपट! पण त्या चित्रपटात काय आहे? नारायण कांबळे या लोकशाहीराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा आरोप आहे. खटला तारखांमागून तारखा चालतो. कांबळ्यांचे काम वीरा साथीदार यांनी केले आहे. ते स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते. २०२१ साली ते गेले. सरकारी वकील आहेत गीतांजली कुलकर्णी. ही बाई दुष्ट नाही. ती लोकलने घरी जाते, मुलाला आणते, स्वयंपाक करते, आणि सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जाते. रंगमंचावर परप्रांतीय होतकरू जावयाची हेटाळणी करून त्याला घराबाहेर काढतात आणि प्रेक्षागृह खदखदून हसते. मग ती माणसे घरी जातात, आणि दुसऱ्या दिवशी ती बाई कोर्टात उभी राहून निर्विकारपणे जुन्या कायद्याची कलमे वाचू लागते.

परप्रांतात वीस वीस वर्षे राहिलेल्या आपणा मंडळींना तो नाट्यगृहाचा प्रसंग पाहून काय वाटावे? येथे परप्रांतीय आपण आहोत. बंगाल्यांच्या, तमिळांच्या, आसामी लोकांच्या शेजारी आपण भाड्याने राहतो, त्यांच्या भाषेत भाजी घेतो. त्यांनी आपल्याला असे हसावे काय? ज्याला 'कोर्ट'ची बक्षिसे पाठ आहेत आणि हा प्रश्न ठाऊक नाही, त्याने 'कोर्ट'ची शिफारस केलेली नाही; बक्षिसांची केली आहे. आपला तो बाब्या, एवढाच त्याचा अर्थ.

यावर जे उत्तर मिळते त्याचा मी अनादर करीत नाही. दिवसभर फायलींनी पिळून काढलेला माणूस म्हणतो, मला संध्याकाळी घटकाभर विसावा हवा आहे. तुमचे दगड आणि गटारे मला नकोत. हे म्हणणे खरे आहे, आणि चार लोकांच्या मनोरंजनावर आपली अभिरुची लादू पाहणाऱ्याने इतिहासही ध्यानात ठेवावा. डॉ. बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ १९५२ ते १९६२ या काळात केंद्राचे नभोवाणी मंत्री होते. राष्ट्राची श्रवणरुची सुधारावी अशी त्यांची प्रामाणिक इच्छा होती. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, ही मोठीच कमाई. परंतु त्याच काळात चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली, आणि श्रोत्यांनी काय केले? रेडिओची सुई सिलोनकडे वळविली. अमीन सयानींची गीतमाला घरोघरी पोचली ती अशी. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविधभारती काढून सरकारला तीच गाणी परत आणावी लागली. हुकमाने आवड बदलत नाही, हे त्या प्रकरणात सिद्ध झाले. केसकरांची तळमळ खोटी नव्हती. त्यांनी शिफारशीचे परिपत्रक केले, तेथे ते चुकले.

तेव्हा मी कोणाला विसावा सोडा म्हणत नाही. विसाव्याचीही पावती द्या म्हणतो. विनोदी चित्रपट सुचवायचा तर स्वतः पाहिलेला, स्वतः हसलेला सुचवा, आणि कोठे हसलात तेही सांगा.

'पावती' म्हणजे मला नेमके काय अपेक्षित आहे, हे सांगण्यासाठी एका थोर माणसाचा आधार घेतो. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांच्या पदांचा एक कार्यक्रम केला होता. त्याचे नाव 'मला उमजलेले बालगंधर्व'. हे नाव पुन्हा वाचा. 'अजरामर बालगंधर्व' नव्हे, 'स्वर्गीय सुरांची बरसात' तर नव्हेच. मला उमजलेले! जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा, घरची भाषा कन्नड, शिक्षण मुंबईला देवधर मास्तरांकडे. असा हा गायक साऱ्या महाराष्ट्राच्या दैवतापुढे उभा राहून त्याची नक्कल करीत नाही. मला जेवढे कळले तेवढे, माझ्या गळ्यातून, माझ्या जबाबदारीवर गातो, असे म्हणतो. ते गाणे ऐकून जुने भक्त नाराज झाले असतील तर होवोत. शिफारस करावी ती अशी.

आणि याच कुमारांच्या चरित्रात आपल्यासारख्या परप्रांतस्थांसाठी आणखी एक गोष्ट आहे. क्षयाने पोखरलेला हा तरुण गायक १९४८ साली हवापालटासाठी माळव्यात देवासला आला. गाणे बंद, बोलणेही बेताचे, वर्षानुवर्षे अंथरुणावर. कान मात्र उघडे होते. दारावरून जाणाऱ्या बायकांची गाणी, बाजाराच्या दिवशीचे आवाज, नाथपंथी गोसाव्यांची निर्गुणी भजने त्या कानांत गेली. पुढे फुप्फुस साथ देऊ लागले तेव्हा जो कुमार गंधर्व उठला तो माळव्याचे लोकसंगीत पोटात घेऊनच उठला. त्या धुनांतून त्याने नवे राग बांधले. ज्या गावी नाइलाजाने येऊन पडलो त्या गावचे ऐकावे, ही साधी गोष्ट.

आपण किती ऐकतो? मी गुवाहाटीला तीन वर्षे होतो. त्या तीन वर्षांत मंडळातर्फे आम्ही महाराष्ट्रातून दोन गायक बोलावले, एक जादूगार बोलावला, पण आसामातला एकही चित्रपट एकत्र बसून पाहिला नाही. जाह्नू बरुआ यांचा 'हलोदिया चोराये बाओधान खाय' हा १९८७ चा चित्रपट मी गुवाहाटी सोडल्यानंतर पाहिला, ही माझी दुसरी कबुली. होमेन बरगोहाइं यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. रसेश्वर हा गरीब शेतकरी नांगर धरतो आणि एके दिवशी त्याला कळते की जमीन त्याची नाही, सावकाराच्या नावे आहे. मग तो कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवू लागतो. लेखनिक, वरचा लेखनिक, साहेब. होते नव्हते ते विकून तो प्रत्येकापुढे उभा राहतो. त्या भूमिकेसाठी इंद्र बनिया यांना लोकार्नोच्या महोत्सवात अभिनयाचे पारितोषिक मिळाले. आणि चित्रपटाला त्या वर्षीचे राष्ट्रीय सुवर्णकमळ. पण मला भिडला तो टेबलाच्या पलीकडला माणूस. तो मी होतो. आसामात राहून, आसामातल्या फायलींवर सह्या करून, मी तो पाहिला नव्हता. कोणत्या मराठी माणसाने मला तो पाहा म्हणून सांगितले असते? आपणच एकमेकांना न सांगण्याचा करार केला आहे.

आता माझी यादी. ती लहान आहे, कारण पावत्या असतात तेवढीच ती होऊ शकते.

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (२०१४) दोनदा पाहिला. बाप वारलेला लहान मुलगा आणि सरकारी नोकरीतली त्याची आई बदलीमुळे कोकणातल्या एका लहान गावी येतात. नव्या शाळेत मागच्या बाकावर बसणारा तो मुलगा पाहताना ज्याला आपली मुले आठवणार नाहीत, त्याची बदली कधी झालीच नसावी. अमृता सुभाष यांनी रंगविलेली आई कचेरीतल्या दडपणापुढे ज्या एकटेपणाने उभी आहे, ते आपल्यातल्या नोकरदार स्त्रियांना समजावून सांगावे लागणार नाही. पाऊस आणि समुद्र मात्र जरा जास्तच सुंदर झाले आहेत, हे माझे मत.

'सामना' (पटकथा तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे) आणि अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा 'सिंहासन' (१९७९) यांपैकी एकच पाहण्याइतका वेळ असेल तर 'सामना' पाहा. निळू फुले आणि श्रीराम लागू समोरासमोर बसले आहेत, बस. 'सिंहासन' अधिकारीवर्गाला हमखास आवडतो. त्यातल्या कारस्थानांत आपल्याला आपले वरिष्ठ दिसतात आणि आपण स्वतः दिसत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

ताम्हाण्यांचाच 'द डिसायपल' (२०२०) मी तीन बैठकांत पाहिला, कारण एका बैठकीत तो मला सोसवला नाही. शास्त्रीय संगीतात आयुष्य वेचणाऱ्या, आणि आपल्याजवळ ते नाही हे हळूहळू उमजत जाणाऱ्या गवयाची ती कथा. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावर तो मोटारसायकल चालवीत असतो आणि कानात एका कर्मठ गायिकेची जुनी व्याख्याने वाजत असतात; हा आवाज सुमित्रा भावे यांचा. दोष असा, की संगीताचा आनंद त्यात फारच थोडा आहे, साधनेचा धाकच सर्वत्र. गाण्याच्या क्लासला मुलांना लोटणाऱ्या आईबापांनी तरीही पाहावा.

त्याच्यावर उतारा म्हणून 'मी वसंतराव' (२०२२). वसंतराव देशपांडे यांनी वर्षानुवर्षे लष्करी हिशेब खात्यात नोकरी केली. म्हणजे ते जवळजवळ माझेच सहकारी. पोटासाठी आकडे आणि प्राणासाठी सूर, ही ओढाताण राहुल देशपांडे यांनी आपल्या आजोबांची भूमिका करताना मनापासून गायिली आहे. चित्रपट लांबला आहे, काही प्रसंग कापले असते तर बरे झाले असते. तरी कचेरीच्या टेबलाशी गुणगुणणारा तो माणूस पाहून मी उठून उभा राहिलो, घरात कोणी नव्हते म्हणून. याचे दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी. त्यांनी अमेय वाघ यांच्याबरोबर २०१६ पासून भाडिपासाठी 'कास्टिंग काउच' ही मुलाखतींची थट्टा करणारी मालिका केली होती. ती मुलीने मला दाखविली आणि मी पोट धरून हसलो. विसाव्याची ही माझी पावती. बाकी पॉडकास्टांबद्दल माझा अनुभव असा, की दोन माणसे दोन तास एकमेकांना दाद देत बसतात आणि ऐकणारा तिसरा उपरा ठरतो. प्रवासात पुष्कळ ऐकले. नाव घेऊन सांगावा असा अजून सापडलेला नाही, सापडला की लिहीन.

हिंदीतला एक : अमित मसूरकर यांचा 'न्यूटन' (२०१७). छत्तीसगडच्या जंगलात, शंभरही मतदार नसलेल्या केंद्रावर नियमाप्रमाणे निवडणूक घेऊ पाहणारा कारकून. निवडणुकीच्या कामाला ज्यांना ज्यांना जुंपले गेले आहे त्यांनी तो सहकुटुंब पाहावा आणि नंतर जेवताना घरच्यांशी भांडावे; आमच्याकडे तसे झाले. नियमाने वागणारा माणूस शहाणा की हट्टी, यावर माझे आणि पत्नीचे अजून एकमत नाही.

या वर्षीच्या उत्सवासाठी मी मंडळाकडे रीतसर लेखी प्रस्ताव दिला आहे. तीन नावे आहेत : 'फँड्री', 'किल्ला' आणि 'हलोदिया चोराये बाओधान खाय'. प्रत्येक नावापुढे कधी पाहिला, किती वेळा पाहिला, काय आवडले आणि काय खटकले हे लिहून खाली सही केली आहे. 'फँड्री'च्या पुढे २०१७ साली न पाहता विरोध केल्याची नोंदही आहे. २०१७ च्या त्या तरुण अभियंत्याची पुढे कोठे बदली झाली ते मला कळलेले नाही; कळले तर त्याला प्रत पाठवीन. चिटणीसांनी अद्याप एकच शंका काढली आहे, की आसामी चित्रपटाला खाली इंग्रजी अक्षरे आहेत की नाहीत. माझ्याजवळच्या प्रतीला आहेत.